पाळत कुणाची, कुणावर?

रविवारची दुपार. जेवणं झालेली, ओटा आवरलेला, आणि मी एक रहस्यकथा घेऊन दिवाणावर आडवी झालेली. मोठं शहर, रात्रीचा पाऊस, समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकच दिवा आणि खाली फूटपाथवर कोटाची कॉलर वर करून उभा असलेला खासगी गुप्तहेर. पानं भराभर उलटत होती. अशा पुस्तकात एकदा शिरले की मला चारच्या चहाचीही आठवण राहत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढ्यात बेल वाजली.

दारात आमच्याच मजल्यावरची मुलगी. वय सत्तावीस, अंधेरीला नोकरी आणि लग्न जवळजवळ ठरलेलं. ‘‘काकू, पाच मिनिटं बसू का?’’ म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन बसली. चेहरा असा, की मी पुस्तकात बोट तसंच ठेवून विचारलं, ‘‘काय झालं गं?’’

झालं होतं ते असं. मुलाच्या आईचा सकाळी फोन आला होता. अगदी खुशीत. ‘‘आमचं सगळं समाधान झालं बरं का! आम्ही एका एजन्सीकडून चौकशी करून घेतली होती. रिपोर्ट एकदम क्लीन आहे. आता मुहूर्त काढायला हरकत नाही.’’

चौकशी म्हणजे काय, तर पंधरा दिवस एक माणूस या मुलीच्या मागे होता. ती ऑफिसातून किती वाजता निघते, स्टेशनवरून रिक्षा करते की चालत येते, एका गुरुवारी रात्री साडेदहाला तिला सोसायटीच्या गेटवर सोडणारी पांढरी गाडी कुणाची, कॅफेत तिच्यासमोर पाऊण तास बसलेला मुलगा कोण, हे सगळं तारीखवार लिहून काढलेलं. गाडी ऑफिसातल्या सहकाऱ्याची होती आणि तीत आणखी दोघी होत्या. कॅफेतला मुलगा तिचा मावसभाऊ निघाला. म्हणून ‘क्लीन’.

तिच्या आईला यात काही वावगं वाटलं नव्हतं. ‘‘अगं, मग बिघडलं कुठे? पास झालीस ना!’’

मुलगी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होती. म्हणाली, ‘‘काकू, तुमच्या या पुस्तकांत तो माणूस किती भारी वाटतो, नाही? माझ्या मागे पंधरा दिवस होता. मला कळलंसुद्धा नाही. आणि आता मघाशी खाली दूध आणायला गेले, तर टपरीवर उभा असलेला प्रत्येक जण मला तोच वाटायला लागला.’’

मी पुस्तक मिटलं. खरं सांगते, मला लाज वाटली. चाळीसेक वर्षं मी या कथा वाचतेय. इतकी वर्षं मी त्या फूटपाथवरच्या माणसाच्या शेजारी उभी राहून वरच्या खिडकीकडे बघत आले. खिडकीतल्या बाईच्या बाजूने खाली कधी बघितलंच नव्हतं.

आमच्या पिढीला हे वेड लागलं ते सर्क्युलेटिंग लायब्ररीतून. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी... एका बैठकीत पुस्तक संपवायचं आणि दुसऱ्या दिवशी बदलून आणायचं. भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलेल्या या कादंबऱ्यांनी आम्हाला रात्र दाखवली. दिवसाचं शहर आम्ही बघतच होतो. रात्रीचं शहर बघायला मात्र कुणातरी हिरोच्या मोटारीत बसावं लागायचं, आणि तेही गादीवर पडल्या पडल्या. दिवेलागणीनंतर घराबाहेर पाय टाकायची सोय कुठे होती?

मग १९८५ साली दूरदर्शनवर ‘करमचंद’ आला. गाजर खाणारा पंकज कपूर आणि त्याची सेक्रेटरी किटी. सुष्मिता मुखर्जीने काय गोड केली होती ती! किटी काहीतरी बोलायची आणि करमचंद म्हणायचा, ‘शट अप, किटी!’ आम्ही खो खो हसायचो. कॉलेजात मैत्रिणीला गप्प करायचं असेल तर हेच वाक्य फेकायचो. बोलणाऱ्या बाईला गप्प करणं हाच त्यातला विनोद आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पुढे इंग्रजी वाचायला लागले तेव्हा वाटलं, तिकडे तरी वेगळं असेल. खासगी गुप्तहेर आणि मोठं शहर ही जोडी पक्की केली ती अमेरिकेतल्या दोन लेखकांनी, डॅशिएल हॅमेट आणि रेमंड चँडलर यांनी. हॅमेटची ‘द माल्टीज फाल्कन’ १९३० ची, सॅन फ्रान्सिस्कोत घडणारी. चँडलरच्या ‘द बिग स्लीप’ (१९३९) आणि ‘फेअरवेल, माय लव्हली’ (१९४०) लॉस एंजेलिसमधल्या. भाषा अशी की वाचतच राहावी. पण तिन्ही पुस्तकं ओळीने वाचली की एक गंमत लक्षात येते. तिन्हींत शेवटी खुनी कोण निघतं? बाई. सुंदर, खोटं बोलणारी, गुप्तहेराला भुलवू बघणारी बाई! चांगली बाई शोधायची तर ‘माल्टीज फाल्कन’मध्ये एक आहे, एफी पेरिन. ती कुठे असते? बाहेरच्या खोलीत, टेबलापाशी. साहेबाचे फोन घेते, त्याला सिगारेट वळून देते.

म्हणजे हिशेब साधा आहे. या कथांत बाई पहिल्या पानावर मरून पडते, नाहीतर शेवटच्या पानावर खुनी ठरते, नाहीतर मधली सगळी पानं फोन उचलते. तिच्याकडे सगळे बघतात. तिने मात्र बघायचं नाही.

आणि या कथांचा तो वेग! तो तरी कुठून येतो? हिरोला घरी कुणी वाट बघत नसतं, हे त्याचं खरं कारण. मध्यरात्री गोदीत जायचं, पहाटे दुसऱ्या टोकाला पोचायचं, दोन रात्री अंगावरच्या कपड्यांवर काढायच्या. त्याला कधी ‘येताना कोथिंबीर आण’ असा फोन येत नाही. सासूची गोळी, मुलांची परीक्षा, उद्याचा डबा... यातलं एकही प्रकरण त्याच्या वाटेत येत नाही. आमच्या घरातल्या कुठल्या बाईने असा वेग घेऊन बघावा. दुसऱ्या प्रकरणालाच कथा थांबेल!

पण वेगाचं सोडा. गुप्तहेराचं खरं काम पळण्याचं नसतंच. ते असतं उभं राहण्याचं. टपरीवर एक कटिंग घेऊन दीड तास काढायचा. बसस्टॉपवर बस सोडून द्यायच्या. पेपर उघडून बाकावर बसायचं आणि एका दारावर नजर ठेवायची. पुरुषाला हे जमतं, कारण आपल्या शहरात विनाकारण उभा असलेला पुरुष कुणाला खटकत नाही. नाका त्याचाच असतो. आता त्याच टपरीवर, त्याच वेळी, तेवढाच वेळ एक बाई उभी करून बघा. दहाव्या मिनिटाला चारजण वळून बघतील, पंधराव्या मिनिटाला कुणीतरी ‘ताई, काय प्रॉब्लेम आहे का?’ विचारेल आणि विसाव्या मिनिटाला कुणीतरी वेगळंच काही विचारेल.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की शहरात बाईला बाहेर असण्यासाठी कायम काहीतरी कारण दाखवावं लागतं. हातात भाजीची पिशवी, खांद्याला ऑफिसची पर्स, कानाला फोन, कडेवर मूल. नुसतं रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. मला हे वाचताना हसू आलं, कारण मी स्वतः स्टेशनबाहेर कुणाची वाट बघायची असली की उगीचच मोबाइल काढून बघत राहते. तुम्हीही बघत असाल.

आणि खरंखुरं कारण असलं तरी पुरतं का? २०१३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत, महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात एका तरुण छायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. ती तिथे कामासाठी गेली होती, सहकारी सोबत होता, संध्याकाळची वेळ होती. तरी ‘ती तिथे गेलीच कशाला?’ हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला, आणि बायकांच्या तोंडून ऐकला. शहराच्या कानाकोपऱ्यात शिरून बघणं हे कुणाचं काम आहे, याबद्दलची आपली समजूत अशी घट्ट आहे.

तरीही या धंद्यात बाई शिरली, आणि फार पूर्वी शिरली. १८५६ साली शिकागोमध्ये अ‍ॅलन पिंकर्टन नावाच्या गृहस्थांच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत केट वॉर्न नावाची एक तरुण विधवा नोकरी मागायला आली. उघडा डोळा हे या एजन्सीचं चिन्ह होतं. इंग्रजीत खासगी गुप्तहेराला ‘प्रायव्हेट आय’ म्हणतात ते या डोळ्यावरूनच, असं सांगितलं जातं. पिंकर्टनना वाटलं, बाई कारकुनी मागायला आलीय. ती म्हणाली, मला गुप्तहेर व्हायचंय. तिचा मुद्दा सरळ होता : जिथे पुरुष पोचू शकत नाही तिथे बाई पोचते. गुन्हेगाराच्या बायकोशी, मैत्रिणीशी तीच चार गोष्टी बोलू शकते. पिंकर्टननी तिला घेतलं. १८६१ साली अध्यक्षपदाची शपथ घ्यायला निघालेल्या अब्राहम लिंकन यांच्या हत्येचा कट बाल्टिमोरमध्ये शिजतोय असा सुगावा लागला, तेव्हा लिंकनना रात्रीच्या गाडीतून गुपचूप पलीकडे नेण्याच्या कामात ही बाई होती. लिंकन म्हणजे तिचा आजारी भाऊ, असं तिने रेल्वेच्या लोकांना भासवलं होतं. आजारी भावाला घेऊन चाललेल्या बहिणीवर कोण संशय घेणार?

आपल्याकडे मुंबईत रजनी पंडित यांनी हा व्यवसाय निवडला, तोही बाईने असलं काही करणं ऐकिवात नसण्याच्या काळात. एका खुनाच्या तपासासाठी आपण कित्येक महिने एका घरी मोलकरीण बनून राहिलो होतो, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे. बघा ना, शिकागो आणि मुंबई, मध्ये शंभराहून जास्त वर्षं, पण युक्ती एकच. भांडी घासणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही. तिच्यासमोर माणसं काहीही बोलतात. टपरीवर उभी राहिलेली बाई सगळ्यांना दिसते आणि मोरीशी बसलेली कुणालाच दिसत नाही.

आता त्या शिकागोतल्याच एका कादंबरीकडे येते. त्या रविवारी मी जी वाचत होते ती नव्हे; ती तर मिटलीच. ही माझ्या कपाटातली जुनी. सारा पॅरेट्स्की या लेखिकेची ‘इन्डेम्निटी ओन्ली’, १९८२ सालची. पॅरेट्स्कीबाई स्वतः विमा कंपनीत नोकरी करत होत्या. चँडलरच्या कादंबऱ्या त्यांनी आवडीने वाचल्या होत्या आणि त्यातल्या बायका बघून त्या वैतागल्याही होत्या. म्हणून त्यांनी स्वतःची गुप्तहेर घडवली : व्ही. आय. वॉर्शॉस्की. वडील पोलीस, आई इटलीतून आलेली गाणारी, बालपण पोलाद कारखान्यांच्या धुरात. पूर्वी वकील, आता घटस्फोटित, एकटी राहणारी. नुसती आद्याक्षरं का लावते? तर वकिली करताना तिच्या लक्षात आलं, की पहिलं नाव कळलं नाही तर समोरच्या पुरुषांना आपल्याशी ‘बाळ, तुला नाही कळायचं’ अशा सुरात बोलणं जरा कठीण जातं!

हिच्याही कथेला वेग आहे. मारामाऱ्या आहेत, पिस्तूल आहे, गुंड तिला बेदम मारतात. पण मार खाल्ल्यावर तिचं अंग दुखतं. घरी भांडी तशीच पडलेली असतात. आईने इटलीहून आणलेले काचेचे लाल पेले ती जिवापाड जपते. डॉक्टर मैत्रीण दटावते आणि मलमपट्टीही करते. वडिलांचा जुना पोलीसमित्र भेटेल तेव्हा ऐकवतो, की तू लग्न करून मुलंबाळं वाढवायला हवी होतीस. म्हणजे आपल्या शेजारच्या काकाच जणू! आणि गुन्हा कसला, तर विम्याच्या खोट्या दाव्यांचा. कामगार संघटनेचा पुढारी आणि विमा कंपनीतला बडा माणूस मिळून पैसे खातात. कागदपत्रं वाचून तो पकडायचा असतो.

पण मला ती कादंबरी त्या दिवशी आठवली ती वेगळ्याच कारणाने. तिची सुरुवात अशी आहे : उकाड्याच्या रात्री एक गिऱ्हाईक व्ही. आय.च्या जुनाट ऑफिसात येतं. म्हणतो, मी अमुक बँकर. माझ्या मुलाची मैत्रीण गायब झालीय, तिला शोधून द्या. काम सोपं, पैसे रोख. ती त्या मुलाच्या घरी जाते, तर तिथे त्याचं प्रेत. यानंतर झुंजारने काय केलं असतं? मुलीच्या मागे धावला असता. व्ही. आय. मात्र उलट फिरते. ती आधी गिऱ्हाइकाचा माग काढते. हा माणूस खरा कोण? याला ती मुलगी कशासाठी हवी आहे? आणि कळतं, की नाव खोटं आहे, तो बँकर नाहीच. ज्या मुलीला आपण शोधतोय ती लपून बसलीय, कारण सापडली तर तिचाही जीव जाईल. मग व्ही. आय. तिला शोधते ती तिला वाचवण्यासाठी.

शोधणाऱ्याला ती मुलगी का हवी आहे, हा प्रश्न आधी विचारायचा. माझ्या मते, बाई गुप्तहेर झाल्यावर रहस्यकथेत खरा फरक पडला तो इथे. हातात पिस्तूल पुरुषाच्या जागी बाईच्या आलं, एवढ्याने काही होत नाही. तशा पिस्तूलवाल्या बायका सिनेमात पुष्कळ झाल्या.

आमच्या मजल्यावरच्या मुलीच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारला? एजन्सीने नाही विचारला. तिला फी मिळाली, तिने माणूस लावला. आपल्याकडे हे सगळं अगदी राजरोस चालतं. लोकलच्या डब्यात जाहिराती चिकटवलेल्या असतात : लग्नापूर्वीची चौकशी, लग्नानंतरची चौकशी, गुप्ततेची हमी. गुप्तता कुणाची? गिऱ्हाइकाची. जिच्या मागे माणूस लावलाय तिची नव्हे.

कायदा काय म्हणतो हेही बघितलं. खासगी गुप्तहेर संस्थांसाठी परवाना आणि नियम असावेत म्हणून २००७ साली राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितलं. पण त्याच न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, नवरा-बायकोने एकमेकांचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं बोलणं वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालेल, असाही निकाल दिला. बाईचा पाठलाग करणं २०१३ पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. त्यात तिची इच्छा नसताना पुन्हा पुन्हा मागे लागणं, संपर्क साधणं येतं. तिच्या ई-मेल, इंटरनेटवर नजर ठेवणं येतं. पण पैसे घेऊन लांबून चालणारा, तिच्याशी एक शब्दही न बोलणारा, नुसत्या वेळा टिपून घेणारा माणूस त्या शब्दांत सहजी बसत नाही. तो त्या फटीतून आरामात चालत राहतो.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. मुलींचे आईवडीलसुद्धा या एजन्स्यांकडे जातात. परदेशातल्या स्थळाचं आधीच लग्न झालेलं असतं, पगाराची स्लिप बनावट असते, मुलाचं व्यसन लपवलेलं असतं. अशी फसलेली एक मुलगी आमच्या नात्यात आहे. तिच्या वडिलांनी वेळीच चार पैसे खर्च करून चौकशी केली असती तर तिची सहा वर्षं वाचली असती, हे मला मान्य आहे. लग्न जुळवताना पूर्वी मामा-काका चौकशी करायचे, आता शहरात शेजाऱ्याला शेजारी माहीत नाही. मग व्यावसायिक माणसाकडे काम गेलं, यात नवल नाही.

पण चौकशी आणि पाळत यात फरक आहे, आणि तो आपल्याला चांगला कळतो. नोकरी खरी आहे का, आधीचं लग्न झालंय का, कोर्टात केस आहे का, कर्ज किती आहे, हे प्रश्न उघड विचारता येतात. त्याची कागदपत्रं मागता येतात, दोन्ही बाजूंनी एकमेकांना देता येतात. ‘आम्ही चौकशी करणार आहोत, तुम्हीही आमची करा’ असं सांगता येतं. मुलगी गुरुवारी किती वाजता घरी आली, हे मात्र कुठल्याही फसवणुकीपासून कुणालाही वाचवत नाही. ते फक्त एवढंच सांगतं, की ही सून आमच्या घड्याळाप्रमाणे चालेल की नाही. मुलाची चौकशी होते पगाराची, मुलीची होते वेळेची. त्याने घर चालवायचं आणि तिने घरी असायचं, हा जुनाच हिशेब एजन्सीच्या लेटरहेडवर छापून येतो.

आणि आपण बायका यात कुठे असतो? एजन्सीला फोन करणारी बाई होती. ‘पास झालीस ना’ म्हणणारीही बाईच. मी तरी काय वेगळी? समोरच्या विंगमधली कोण किती वाजता आली, हे मला गॅलरीतून दिसतं आणि कधी कधी मी ते बोलून दाखवलेलंही आहे. मुलीच्या मोबाइलवर ‘लोकेशन शेअर कर’ म्हणून मागे लागणारी आई मीच. काळजीपोटी, हे खरंच. पण माझ्या मुलाकडे मी ते कधी मागितलं नाही, हेही खरं. बिनपगारी डिटेक्टिव्ह एजन्स्या आहोत आपण, मजल्या-मजल्यावर!

बायकांमध्ये ही नजर तयार होते त्याला कारण आहे. चोरून वाचलेली चिठ्ठी, शर्टाच्या खिशातलं बिल, मुलाच्या आवाजातला बारीकसा बदल, कामवालीच्या दंडावरचा वळ, हे टिपायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शेरलॉक होम्सने ज्यासाठी कौतुक मिळवलं ते आपण रोज करतो. प्रश्न एवढाच, की ही नजर आपण कुणाच्या कामी लावतो. दुसऱ्या बाईच्या येण्याजाण्यावर लावतो, की त्या दंडावरच्या वळाकडे बघून ‘काय गं, कुणी मारलं?’ विचारायला लावतो?

म्हणून मला मराठीत एक छानपैकी वेगवान रहस्यकथा हवी आहे. मुंबईतच घडणारी. नायिका पस्तिशीची असावी, शेवटच्या लोकलने लेडीज डब्यातून परतणारी, डब्यात विकायला येणाऱ्या बायकांना नावाने ओळखणारी. तिने टपरीवर खुशाल दीड तास उभं राहावं आणि बघणाऱ्यांकडे उलट बघावं. हिंदीत ‘बॉबी जासूस’ (२०१४) मध्ये विद्या बालनने हैदराबादच्या गल्लीतली अशी एक धडपडी गुप्तहेर केली होती. मग आपल्याकडे का नको? आणि एखाद्या सासूबाईने तिच्याकडे येऊन ‘होणाऱ्या सुनेवर लक्ष ठेवा’ म्हटलं, तर तिने वही उघडून आधी सासूबाईंचाच पत्ता लिहून घ्यावा.

तर, आमच्या मजल्यावरची ती मुलगी. त्या दिवशी तिने मुलालाच फोन लावला, माझ्याच घरातून. ‘‘तुला माहीत होतं?’’ एवढंच विचारलं. तो म्हणाला, ‘‘होतं. पण आईचा आग्रह होता, आणि तुझ्यात लपवण्यासारखं काही नाहीच ना? मग एवढं काय?’’ तिने फोन ठेवला. थोडा वेळ काही बोलली नाही. मी चहा टाकला.

लग्न तिने मोडलं. घरात रडारड झाली, ‘एवढ्याशा गोष्टीवरून’ हे शब्द जिन्यापर्यंत ऐकू आले. तिची आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिला वाटतं मी फूस दिली. मी काही दिलं असेल तर ती व्ही. आय. दिली, निघताना हातात ठेवली. दहा-बारा दिवसांनी मुलगी पुस्तक परत द्यायला आली तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते, थेट ऑफिसातूनच आली होती. ‘‘पुढचा भाग आहे का हो, काकू?’’

तिच्या मागून आमचा लिफ्टमन डोकावून बघत होता, एवढ्या रात्री ही कुणाच्या दारात उभी आहे म्हणून. मी त्याला म्हटलं, ‘‘काय बघतोस? पुस्तक बदलायला आलीय.’’ आणि लगेच मनात आलं, पुन्हा मी कारण देतेय! द्यायची काय गरज होती?